उलटा पन्हा

मध्यंतराचे दिवे लागले आणि नवऱ्यानं विचारलं, "पाहिलंस?"

"हो," ती म्हणाली.

तिला वाटलं, तो राजाच्या तंबूबद्दल विचारतोय. नाही, असं नाही. हे कारण तिनं मागाहून शिवलं, आणि शिवण कच्ची आहे. तो काय विचारतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. गेले कित्येक महिने घरात दुसरा विषय होता कुठे? झेंडा पडतो तेव्हा एक उंच सैनिक वळून बघतो, तो सैनिक म्हणजे तिचा नवरा, आणि तेवढं बघायला तर दोघं ठेवणीतले कपडे घालून दुपारच्या खेळाला आली होती. दिवे एकदम लागले, माणसं खुर्च्या आपटत उठली, पुढच्या रांगेतलं कुणाचं तरी तान्हं किंचाळलं, आणि त्या गलक्यात तिच्या तोंडून 'हो' निघून गेलं. जिन्यात कुणी 'बरं आहे ना?' म्हटल्यावर निघतं तसं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण नवरा तिच्याकडे बघत राहिला. तिची पर्स त्याच्या मांडीवर होती आणि ती त्यानं दोन्ही हातांनी धरली होती, मुलाखतीला बसलेला माणूस फाईल धरतो तशी. "कसा वाटलो?" मग काहीतरी सांगणं भागच होतं. "वळलात ना," ती म्हणाली, "तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला अगदी कसंतरीच झालं." नवऱ्यानं पर्सचा बंद सरळ केला. मग म्हणाला, "हो. पाणी होतं." पर्स तिच्या हातात देऊन तो पॉपकॉर्न आणायला गेला.

चित्रपट तिला आवडला होता, हीच तर सगळी पंचाईत. टाकाऊ असता तर जांभया देत का होईना, तिनं झेंड्याची वाट बघितली असती. पण पहिल्याच दृश्यात, तळ्याच्या पाण्यात उलटा पडलेला तो महाल हळूहळू हलायला लागला, एकेका खिडकीत दिवा पेटत गेला, आणि मग कुणीतरी पाण्यात हात घातला न् सगळा महाल विस्कटला, तेव्हाच ती गेली. गेली म्हणजे उरलीच नाही. राणी दालनातून चालत येते, वाटेत पडद्यामागे पडदे; पहिला इतका तलम की तिच्या श्वासानंच सरतो, पुढचा बोटानं, त्याच्या पुढचा हातानं, आणि शेवटचा जरीनं इतका जड की तिला एकटीला ढकलवत नाही, ती तिथेच थबकते, आणि पलीकडून राजाचा आवाज येतो. लोक राणीच्या दागिन्यांकडे बघत असतील. हिच्या बोटांना मात्र प्रत्येक कापड लागत होतं. कुठलं किती धुतलेलं, कुठे अस्तर आहे, कुठे नाही, कुठल्या चुण्या हाताच्या आणि कुठल्या नुसत्या टाचलेल्या. पडदे विकून, मापून, बेतून तिची उमर गेली होती. दीर तिला 'पडदेवाली वहिनी' म्हणायचा, आणि त्याला टोमणा म्हणावं की कौतुक हे तिनं कधी ठरवलं नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकल्या, पण कापडानं काय काय करता येतं हे पहिल्यांदा आपल्याला कुणीतरी दाखवतंय असं तिला त्या अंधारात वाटलं. आपण करतो ते काम मोठं आहे असं वाटलं. डोळे भरून आले. हत्ती आले, नगारे आले, लोकांनी शिट्ट्या मारल्या, तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि नंतर लक्षात आलं की तो खुर्चीचा हात नव्हता, नवऱ्याचा होता.

आणि मग रणांगण. राजाचा तंबू. आत काळपट लाल मखमल, वरपासून जमिनीपर्यंत, समयांच्या उजेडात अंगारासारखी. राजा पाठमोरा बसलेला. तंबूचं तोंड उघडं, त्यातून बाहेरचा धूर, भाले, माणसं. नवरा बाहेर होता, त्या माणसांत. तिला माहीत होतं. 'तंबूतून बाहेरचं दिसेल, तेव्हा तयार राहा,' असं त्यानं घरून निघताना, चपला घालताना आणि पुन्हा अंधारात कानात सांगितलं होतं. ती तयारच होती. पण तंबूच्या डाव्या बाजूला, वरून तिसऱ्या झालरीखाली, एक पन्हा, कापडाचा एक उभा पट्टा, वेगळ्या रंगाचा दिसला. वेगळा म्हणजे कापड तेच, पण जरा जास्त काळा. तिनं मान तिरकी केली. मखमलीला लव असते, मांजराच्या अंगाला असते तशी. वरून खाली हात फिरवला तर मऊ, खालून वर फिरवला तर खरबरीत. सगळे पन्हे लव एकाच दिशेला ठेवून बेतायचे, हा पहिला धडा. एक पन्हा जरी उलटा लागला तरी उजेड पडताच तो चुगली करतो. 'अगं बाई,' ती मनात म्हणाली, 'उलटा लावलाय!' एवढे हत्ती, एवढे महाल, हजारो माणसं, आणि राजाच्या तंबूत पन्हा उलटा. आख्ख्या थिएटरात ते फक्त आपल्याला कळलंय. तिला हसू आलं. खरंच हसू आलं, ओठ दाबून ती हसली. दुकानाच्या मालकाला सांगायचं, शिंप्याला सांगायचं, असं मनाशी बांधत होती तेवढ्यात सगळ्या थिएटरानं एकदम 'आँ' केलं, घोडा खिंकाळला, आणि तिनं पाहिलं तेव्हा झेंडा चिखलात होता.

तर हे असं. 'पाहिलंस?' 'हो.'

पण लाज तिथे नव्हती. लाज असती तर बरं झालं असतं, मध्यंतर संपेतो तिनं सांगूनही टाकलं असतं. नवरा पॉपकॉर्न घेऊन आला, दिवे गेले, आणि ती विसरली. उत्तरार्धात राणी जळत्या महालातून एकटी बाहेर येते आणि तोच जड जरीचा पडदा अंगाभोवती ओढून घेते, तेव्हा ती ढसाढसा रडली. नाक पुसायला रुमाल नवऱ्यानंच दिला. राजा मेला तेव्हा तर तिचा हुंदका चार खुर्च्यांपलीकडे ऐकू गेला असेल. बाहेर पडताना उन्हात डोळे दिपले, आणि ती नवऱ्याला म्हणाली, "काय केलंय हो, काय केलंय! परत बघायला हवा." नवरा म्हणाला, "बघ ना." ती म्हणाली, "आणि तुम्हांला सांगू का, त्या तंबूत..." आणि तिनं जीभ चावली. तिथे, तिकीट खिडकीपाशी, लाज आली. पायांतून वर चढत आली, ओल भिंतीत चढते तशी. तंबूकडे बघत होतो हे आता कुणालाच कधी सांगता येणार नव्हतं.

नवरा छापखान्यात मशीनवर होता. छापखाना बंद पडला तेव्हा तो सकाळी नेहमीच्या वेळेला उठायचा, दाढी करायचा, डबा नाही म्हणून ओट्यापाशी घुटमळायचा आणि मग खिडकीत बसायचा. खिडकीला पडदा नव्हता. पडदेवालीच्या घरी खिडकीला जुनी चादर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वरच्या मजल्यावर एक माणसं पुरवणारा राहायचा. लग्नात वाढायला, मिरवणुकीत चालायला, सिनेमात गर्दी करायला तो माणसं पुरवायचा. त्यानं जिन्यात नवऱ्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "उंची चांगली आहे तुमची. मराल का?" हा विनोद नवऱ्याला इतका आवडला की त्या दिवशी तो बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवला. मग पहाटे गाडी यायची, आणि संध्याकाळी तो परतायचा तो कानांत धूळ आणि ओठांवर मिशीचा डिंक घेऊन. ती डिंक रॉकेलाच्या बोळ्यानं पुसायची आणि तो बोलायचा. किती बोलायचा! छापखान्यात इतकी वर्षं काढली, पण तिथलं कधी एवढं बोलला नव्हता. सकाळी ते राजाच्या सैन्यात असत, निळी पागोटी. दुपारी उजेड फिरला की तीच माणसं पिवळी पागोटी घालून शत्रूच्या सैन्यात. "म्हणजे काय होतं कळलं का तुला? सकाळी मी ज्याच्या अंगावर भाला घेऊन धावतो, तो दुपारचा मीच. सिनेमात मी मला मारणार. आणि मारल्यावर पडायचं तेही मलाच." तो हसायचा. तीही हसायची, कारण तो हसतोय म्हणून. हातात दुसऱ्या दिवशीच्या मापांची आकडेमोड असायची, किंवा तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की 'हं' एवढंच म्हणता येतं. तिनं किती 'हं' म्हटले असतील, आणि प्रत्येक 'हं'वर विश्वास ठेवून तो पुढे सांगत गेला.

एक दिवस तो दारातूनच ओरडत आला. टोपीवाला, म्हणजे मोठ्या साहेबाचा मदतनीस, कर्णा घेऊन सगळ्यांवर खेकसणारा, त्यानं आज त्याला गर्दीतून बाहेर काढलं. 'ए उंच! तू इकडे ये.' झेंडा पडेल तेव्हा फक्त ह्यानं वळून बघायचं. बाकी कुणी नाही. कॅमेरा जवळ आला होता, इतका जवळ की काचेत स्वतःचं पागोटं दिसलं. त्या दिवसापासून घरात वळणं सुरू झालं. तिनं दुकानातून आणलेली पडद्याची दांडी तो भाल्यासारखी धरायचा, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि वळायचा. "असं? की असं?" ती म्हणायची, "दांडी वाकेल अहो." एकदा म्हणाली, "छान." कुठलं वळणं छान, ते तिनं पाहिलं नव्हतं.

सिनेमा पाहून आल्यानंतरचे दिवस वाईट गेले. म्हणजे वरून बघणाऱ्याला चांगले दिसले असते. नवरा खुशीत होता. खालच्या वाण्याला, माणसं पुरवणाऱ्याला, फोनवर भावाला, सगळ्यांना सांगायचा, "आहे ना, आहे. झेंडा पडतो तेव्हा. अर्धा क्षण आहे, पण आहे. हिनं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं म्हणाली." प्रत्येक वेळी अगदी तिचेच शब्द. एक शब्द इकडचा तिकडे नाही. 'मला अगदी कसंतरीच झालं' हेसुद्धा, तिच्याच सुरात. आणि सांगून झालं की तिच्याकडे बघायचा. ती मान हलवायची. आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडून, असं धुऊन इस्त्री करून परत यावं, आणि आपण ते ओळखून 'हो, माझंच' म्हणावं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि मधेच मनात पाल चुकचुकायची: हा कधीच का म्हणत नाही, 'मी पाहिलं'? नेहमी 'हिनं पाहिलं.' तोही शेजारच्याच खुर्चीवर होता की. पण लगेच वाटायचं, स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कसं सांगेल, लाजाळू माणूस. हेही कारण तिनं शिवलं. दिवसाला एक शिवत होती.

दुकानात एक बाई मखमल बघायला आली. मोठं घर असावं. पायांतल्या चपलांवरून तिला गिऱ्हाईक कळायचं. तिनं टेबलावर ठाण उलगडलं, सवयीनं हात फिरवला, खाली मऊ, वर खरबरीत, आणि म्हणाली, "लव खाली ठेवून बेतू, म्हणजे रंग एकसारखा दिसेल." बाई म्हणाली, "त्या सिनेमातल्या तंबूसारखं हवं मला. पाहिलात का?" टेबलावर हात तसाच राहिला. "पाहिला ना." "काय सुंदर होतं नाही ते सगळं?" "हो," ती म्हणाली, "एक पन्हा उलटा होता फक्त." बाईला कळलं नाही. मालकाला मात्र कळलं, तो गल्ल्यामागून म्हणाला, "काय सांगता! तंबूत? कुठे?" आणि तिनं सांगितलं. डाव्या बाजूला, तिसऱ्या झालरीखाली. सांगताना तिला इतकं हलकं वाटलं की रडूच येईल असं वाटलं. मालक शिंप्याला हाका मारत आत गेला, "अरे ऐकलंस का, आपल्या बाईंनी राजाची चूक काढली!" शिंपी मशीन न थांबवता म्हणाला, "नवरा दिसला का मग त्यांचा?" मशीनच्या आवाजात ते तिला ऐकू आलं नाही असं तिनं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत ती मालकाला म्हणाली, एका घरी खिडक्यांची मापं घ्यायची आहेत. फीत पर्समध्ये टाकली, खोटं पुरतं असावं म्हणून, आणि ती थिएटरात गेली.

दुपारी थिएटर जवळजवळ रिकामं. तिनं तीच खुर्ची मागून घेतली. शेजारची मोकळी. पाण्यात महाल उलटा पडला, दिवे लागले, कुणीतरी पाण्यात हात घातला. तिनं त्याकडे बघितलं नाही. तिनं ठरवून मागे बघितलं. राणीच्या मागे, हत्तींच्या मागे, जिथे बघायचं नसतं तिथे. आणि ज्या चित्रपटानं तिला त्या दिवशी उचलून नेलं होतं तो बघता बघता गेला, त्याच्या जागी वेगळाच सुरू झाला. एक दासी तबक धरून उभी होती आणि तिचं नाक खाजत होतं. एक म्हातारा दरबारी चुकीच्या वेळी हसला आणि त्यानं हसू गिळलं. निळ्या पागोट्याचा, गालावर मोठा तीळ असलेला एक माणूस छातीत भाला लागून पडला, आणि जरा वेळानं तोच तीळ पिवळ्या पागोट्याखाली ओरडत धावून आला. पुढे ढोल, घोषणा, राजाचं भाषण चालू होतं, आणि मागे कुणाची तरी चप्पल सुटली होती, कुणी तरी शेजाऱ्याचा खांदा धरला होता, खरोखर धरला होता, पडू नये म्हणून. प्रत्येकाच्या घरी असंच एकेक वळणं चालू असेल. तिला त्या सगळ्यांची लाज वाटली. म्हणजे त्यांच्यासमोर आपली. तंबू आला. मखमल आली. उलटा पन्हा होता तिथेच होता. तिनं त्याच्याकडे डोळेसुद्धा फिरवले नाहीत. तंबूच्या तोंडातून बाहेर धूर, भाले. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तशी ती बसली. बाण. झेंडेवाला गुडघ्यांवर आला. झेंडा कलला. पडला.

कुणीही वळलं नाही.

झेंडा पडला, आणि लगेच घोड्याचा डोळा, पडदाभर, त्यात धूर. मग चिखलातला झेंडा, राजाचा चेहरा. जिथे एक उंच माणूस वळायला हवा होता तिथे काहीच नव्हतं. असायला पाहिजे ते काढून घेतल्याची खूणसुद्धा नव्हती. कात्री चांगल्या माणसाची होती. मध्यंतर झालं, दिवे लागले. ती बसून राहिली. शेजारची खुर्ची मिटलेली. आणि त्या उजेडात, मिटलेल्या खुर्चीकडे बघताना तिला आधी हे समजलं की त्या दिवशी तो 'पाहिलंस?' म्हणाला तेव्हा त्यानं स्वतः पाहिलेलं नव्हतं. डोळे फाडून बघूनही दिसलं नव्हतं. तो खात्री करून घेत होता: आपली पापणी लवली तेवढ्यात गेलं का, की हिलाही नाही दिसलं? 'नाही हो, कुठे होतात?' एवढं ती म्हणायला हवी होती. मग तो म्हणाला असता, 'कापलं वाटतं.' आणि दोघांनी मिळून ते पॉपकॉर्न खाल्लं असतं.

मग दुसरं समजलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट. हे तिला समजलं असंही नाही; ऐकू आलं. स्वतःच्या तोंडातल्या टाचण्यांची लोखंडी चव आली आणि तिच्या पलीकडून नवऱ्याचा आवाज. तो ओट्याला टेकून उभा आहे, ओठांवर डिंक, आणि सांगतोय: "टोपीवाला म्हणाला, रडायचं नाही. घाबरायचं पण नाही. झेंडा पडलाय हे तुला अजून कळलेलंच नाही. कुणीतरी मागून हाक मारली असं समज आणि वळ. एवढंच. चेहऱ्यावर काही आणायचं नाही. सगळी गंमत त्यातच आहे म्हणाला. ऐकतेस ना?" आणि आपण म्हणालो, 'हं.' एकदा नाही. किती वेळा सांगितलं असेल त्यानं. चेहऱ्यावर काही आणायचं नाही, याचाच तर तो सराव करत होता, दांडी धरून, भिंतीपाशी. आणि तिनं त्याला सांगितलं, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे ते तोंडातून निघालं त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. हिनं पाहिलं नाही. हिनं ऐकलंही नाही, कधीच नाही. आणि तो म्हणाला होता, 'हो. पाणी होतं.' तिची पर्स तिला दिली होती. पुढे गल्लीभर, फोनभर तिचं खोटं त्यानं अंगावर घातलं होतं, दुसऱ्याच्या मापाचं असूनही. ती उघडी पडू नये म्हणून, की तिला टोचावं म्हणून, की त्याला तेवढंच उरलं होतं म्हणून. कुठलं खरं ते तिला ठरवता येईना. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा ती उठून बाहेर आली. फीत पर्समधून लोंबत होती ती रस्त्यात कुणीतरी दाखवली.

सुट्टीच्या दिवशी दीर आणि जाऊ आली. जाऊ आल्या आल्या खुर्चीत बसून पाय चोळायला लागली. दीर उभ्याउभ्याच बोलायला लागला, त्याची सवय. "दादा, जाऊन आलो रे काल. काय सिनेमा आहे! पण तू कुठे आहेस? ही म्हणते दिसला, मी म्हणतो नाही."

"मी कुठे म्हटलं दिसले?" जाऊ म्हणाली. "मी म्हटलं, असतील. तुमच्यासारखं तोंडावर नाही बोलत मी कुणाच्या."

"झेंडा पडला, आम्ही दोघं अशी पुढे सरकून. आणि एकदम घोडा!"

नवरा संत्रं सोलत होता. सालीची एक लांब, न तुटणारी पट्टी करण्यात तो गुंतला होता. "अर्धा क्षण आहे," तो म्हणाला. "विचार तुझ्या वहिनीला."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. खरं तर दोघांनीच. नवऱ्यानं वर पाहिलं नाही, सालीकडेच बघत होता, आणि त्या न बघण्यात तिला दिसलं की तो आताही तिला वाट करून देतोय. 'हो' म्हण, आणि सुटू. सवयीचं 'हो' जिभेपर्यंत आलंही. पुरावा कुणाकडे होता? दीर फार तर म्हणाला असता, बरं बुवा.

"मी नाही पाहिलं," ती म्हणाली.

"काय?"

"झेंडा पडला तेव्हा मी तिकडे बघतच नव्हते. तंबूत मखमलीचा एक पन्हा उलटा लागलाय, त्याच्याकडे बघत होते. ह्यांनी विचारलं, तेव्हा हो म्हटलं. खोटं. डोळ्यांत पाणीबिणी सगळं माझ्या मनचं." आवाज विचित्र आला, दुकानात फाटका माल परत घेताना येतो तसा. "हे दिसले असते तरी मला दिसले नसते."

मग जाऊ फसकन हसली. "अय्या वहिनी! सख्खा नवरा सोडून पडदा?" दिरानं मांडीवर थाप मारली, "पडदेवाली ती पडदेवालीच! दादा, घटस्फोट दे हिला. मखमलीबरोबर धरलीस म्हणावं." ती हसली नाही. तिचे कान तापले होते, आणि तिला वाटलं, हसू देत. मिळतंय ते थोडंच आहे.

नवऱ्याची साल तुटली. त्यानं तुकडे बशीत ठेवले. "कुठला पन्हा?" त्यानं विचारलं.

"डावीकडचा. तिसऱ्या झालरीखाली."

"त्या तंबूपाशी आम्ही उन्हाच्या वेळी बसायचो," तो म्हणाला. "जेवायला. सावली असायची तिथे. आत जायला बंदी." त्यानं एक फोड तोंडात टाकली, बी काढली. "म्हणजे चुकून लागलेला पन्हा राहिला सिनेमात. मी बरोबर वळलो, तर मला कापलं." तो दिराकडे बघून म्हणाला, "कापलं रे. धूर फार झाला असेल, नाहीतर माझा चेहरा. तू शोधत बसू नकोस." आणि मग तोही हसला, सगळे हसले, आणि जावेनं चहा टाकायला म्हणून तिला आत नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कशाला सांगितलंत हो? बिचाऱ्यांचं तेवढंच होतं." ती पाणी मोजत राहिली. खरं बोलून लाज जाते असं लहानपणी शिकवलं होतं. जात नाही. नुसती जागा बदलते. पोटात होती ती तोंडावर येऊन बसते, सगळ्यांना दिसेल अशी.

ती दोघं गेली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं, चादरीतून गाळून आलेलं, फिकट. नवरा कपबश्या उचलत होता. ती म्हणाली, "मी परत गेले होते. एकटी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पर्समध्ये तिकीट होतं." बश्या त्यानं एकात एक ठेवल्या. "म्हटलं, पन्हा बघायला गेली असशील."

तिनं कोपऱ्यातून पडद्याची दांडी आणली आणि त्याच्यासमोर धरली. तो दांडीकडे बघत राहिला. "आता काय," तो म्हणाला, "सोड." ती दांडी धरून उभीच राहिली. दांडी खाली झुकायला लागली तसं त्यानं, केवळ तिच्या हाताला आराम म्हणून, ती घेतली. "झेंडा कुणी पाडायचा?" त्यानं विचारलं. तिनं पिशवीतून दुकानातला नमुन्याचा तुकडा काढला. काळपट लाल. तो हातात घेऊन ती हात उंच करून उभी राहिली, स्टुलावर चढून, वेड्यासारखी, भर दिवसा.

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दांडी उजव्या हातात, डावा पाय जरा पुढे. सदऱ्याची कॉलर मागून विरली होती. ती तिनं उलटवून शिवायला हवी होती. मानेवर एक आडवी, काळवंडलेली रेघ, उन्हात महिनोन् महिने पागोटं बांधल्याची, अजून न गेलेली. टाळूवर केस विरळ झाले होते, कधीपासून? डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. मशीनवर इतकी वर्षं वाकून तो तसाच राहिला होता, किंवा आधीपासून तसाच होता. हात भरून आला. मखमलीचा तुकडा मुठीत ओला झाला.

"पडला का?" त्यानं न वळता विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "बघतेय."